स्त्रियांनाही घसरण्याची स्वतंत्र सोय

मागच्या महिन्यात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवरचा एक तरुण इंजिनिअर बायकोला घेऊन माझ्या दारात उभा राहिला. बर्फावर जायचं असेल तर बालाघाटात वामनभाऊंना विचारा, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याने खिशातून नकाशा काढला, चहाच्या कपबश्या बाजूला सारून तो स्टुलावर पसरला आणि विचारलं, "अंकल, बड़ी जगह जाएँ या छोटी?" गुलमर्गभोवती त्याने लाल पेन्सिलीने गोल काढला होता. शिमल्यापलीकडच्या नारकंड्याखाली नुसती एक रेघ होती, तीही पुसट.

मी उलट विचारलं, "देखना है कि करना है?"

त्याने पुन्हा नकाशात डोकं घातलं. बायको मात्र लगेच म्हणाली, "करना है." मग मी त्यांना लहान ठिकाणी जायला सांगितलं, कोट कुठे भाड्याने मिळतात ते सांगितलं, आणि ती दोघं फाटकाबाहेर पडताच माझे पाय वळवळायला लागले. काही काम नसताना स्टेशनवर जाऊन गोंदियाच्या गाडीची वेळ विचारून आलो. ती मला पाठ आहे. आमच्या घरात म्हणतात, यांच्या पायाले भिंगरी हाय, नोकरी सुटली तरी भिंगरी काही सुटली नाही. खरं आहे. खुर्चीत बसलो की मला वाटतं, कुणीतरी फलाटावर आपली वाट बघत उभं आहे आणि आपण इथे बसून राहिलो आहोत.

मी यात्रा कंपनीत व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक हा शब्द मालकांनी दिलेला. काम म्हणजे तिकिटं काढणं, सामान मोजणं, कुणाची आजी कुठल्या डब्यात बसली ते लक्षात ठेवणं आणि सगळ्यांच्या शिव्या हसून खाणं. छप्पन साली नागपूर तिकडच्या राज्यात गेलं आणि आमचं बालाघाट इकडे मध्य प्रदेशातच राहिलं, त्याच साली मी चिकटलो. तेव्हा आमच्या कंपनीचा धंदा काशी, प्रयाग आणि रामेश्वर एवढाच होता. देवाच्या यात्रेत एक सुख असतं. काशी मोठी की लहान असा प्रश्न कुणी विचारत नाही. गर्दीत चेंगरलं तरी पुण्य लागलं म्हणतात, आणि व्यवस्थापकाला दोष देत नाहीत.

बर्फाच्या यात्रेत हे सुख नाही. साठच्या दशकाच्या अखेरीला आमच्या मालकांच्या डोक्यात बर्फ शिरला. धानाचे भाव बरे होते, वारासिवनीच्या राईस मिलवाल्यांच्या हाती पैसा खेळत होता, भरवेलीच्या मॅंगनीज खाणीतल्या फोरमन लोकांना सुट्टीत कुठे जावं ते कळत नव्हतं. मालक म्हणाले, यांना हिमालय दाखवू. मी म्हटलं, दाखवू.

आता अडचण अशी, की आमच्याकडे बर्फ म्हणजे बर्फाच्या कारखान्यातली लादी. ती भाताच्या तुसात, म्हणजे कोंड्यात, गाडून ठेवतात आणि लग्नाच्या दिवशी फोडतात. त्यामुळे डोंगरावरचा बर्फ म्हणजे नेमकं काय, हे लोकांना समजावणं माझ्या वाट्याला आलं. वारासिवनीचे दौलतराव, एका मिलमध्ये भागीदार, उंच, मितभाषी माणूस, पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले ते चौकशीलाच. मी अर्धा तास वर्णन केलं. सगळं ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "एवढा बरफ पडते, तं त्याले झाकाले कोंडा कुठून आणतात?" त्यांच्या मिलमागे कोंड्याचा डोंगर होता, आणि तो विकला जात नव्हता. प्रश्न व्यापाराचा होता. मी हसू दाबून म्हटलं, की तिथे झाकत नाहीत. "म्हून तं वाया जाते," दौलतराव म्हणाले आणि निघून गेले.

कटंगीच्या एका गृहस्थांनी पुढे त्या यात्रेतून थर्मासभर बर्फ आईला दाखवायला म्हणून आणला. नागपूर यायच्या आतच त्याचं पाणी झालं होतं. आईने ते तीर्थ म्हणून घेतलं आणि वर गावभर वाटलं. अशी गिऱ्हाइकं असली की धंद्यात जीव रमतो.

आता पर्च्याची गोष्ट सांगतो, कारण बाकी सगळं त्या पर्च्यातून निघालं.

मालकांनी सांगितलं, मराठीत पर्चा छापा, बाजाराच्या दिवशी वाटा. पायाला लांब फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून खाली येण्याचा खेळ तिकडे चालतो, हे मला ठाऊक होतं. त्या फळ्यांना स्की म्हणतात. मी लिहिलं, 'तेथे स्की भाड्याने मिळतात.' छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्याने हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्याला वाटलं वामनभाऊंचं अक्षर खराब आहे, आणि त्याने आपल्या अकलेने तो दुरुस्त केला. प्रुफात वाक्य आलं, 'तेथे स्त्री भाड्याने मिळतात.' हे छापून वाटलं गेलं असतं, तर हिमालयाऐवजी मालकांनी मला थेट वर पाठवलं असतं. मी तो शब्दच काढून टाकला. स्कीला मराठी शब्द नाही, तर साधं लिहू, असं ठरवून घाईघाईत लिहिलं, 'हिमालयाच्या बर्फावर घसरण्याचा आनंद लुटा. स्त्रियांनाही घसरण्याची स्वतंत्र सोय.' आणि छपाईला हो म्हणून सांगितलं.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हे. बाईच्या बाबतीत घसरणं हे क्रियापद आपल्याकडे कुठल्या अर्थाने वापरतात, ते पर्चे वाटून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं. वारासिवनीच्या पानठेल्यावर तो पर्चा चिकटवला गेला. मी तिथून जाताना कुणीतरी हटकलं, "वामनभाऊ, घसराले हिमालयात कायले न्या लागते? इथंच सोय करून टाका ना." मालक दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पर्चे परत गोळा करायची माझ्यावर पाळी आली, आणि लोक देईनात. जपून ठेवायचे म्हणाले.

त्याच आठवड्यात कमलबाई ऑफिसात आल्या. पांढरं पातळ, हातात छत्री, आणि पर्चा घडी करून छत्रीच्याच मुठीत धरलेला. कन्या शाळेत भूगोल शिकवायच्या. मी त्यांना ओळखत होतो, कारण त्या दौलतरावांच्या सख्ख्या बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, तेव्हापासून भावाकडे होत्या. त्यांच्या समाजात विधवेचा पाट लावायला कुणाची ना नसते, पण तोवर दौलतराव मिलचे भागीदार झाले होते, आणि मोठ्या घरात हे शोभत नाही असं त्यांनी ठरवलं. बाईंनी शिक्षण पुरं केलं आणि नोकरी धरली. त्यांच्याबद्दल कधी कुणी वावगा शब्द काढला नव्हता, आणि तो निघू नये यासाठी त्या घरातून शाळेत आणि शाळेतून घरात एवढंच चालत आल्या होत्या.

मला वाटलं, बाई आता खडसावणार. मी आधीच माफी मागून टाकली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ही स्वतंत्र सोय म्हणजे नेमकं काय, ते मला सांगा," त्या म्हणाल्या.

अख्ख्या जिल्ह्यात त्या वाक्याचा सरळ अर्थ लावणारं हे एकच माणूस निघालं. मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग त्यांनी सांगितलं, की भूगोलात नॉर्वेचा धडा आहे. तिथली मुलं पायात लाकडी फळ्या बांधून बर्फावरून शाळेत जातात. दर वर्षी वर्गात त्या त्याचं चित्र काढतात, आणि दर वर्षी कुणीतरी मुलगी विचारते, बाई, ती थांबतात कशी? "मला सांगता येत नाही," कमलबाई म्हणाल्या. "पुस्तकात ते दिलेलं नाही. एवढी वर्षं मी अर्धा धडा शिकवते आहे." बोलताना त्यांची छत्री जमिनीवर टकटक वाजत होती. त्या माझ्यासारख्याच आहेत, हे मला तेव्हा कळलं. बसून राहिलेल्या, पण बसवत नसलेल्या.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आले. बहिणीने पैसे स्वतःचे भरले होते, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःचंही तिकीट काढलं आणि एक अट घातली. अट घालताना त्यांचा आवाज खाली आला होता. "मिलमधे लोक हसून राह्यले. दौलतरावची बहीण घसराले चालली म्हणतात. तिले बरफ दाखवा, तं दाखवा. पन ते घसरणं नोको. ते मले चालत नाही." माणूस वाईट नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि भीतीला प्रतिष्ठा म्हणायची सवय लागली होती. मी मान हलवली. व्यवस्थापकाची मान सगळ्यांसाठी हलते.

निघालो त्या दिवशीपासून मला स्वस्थता नव्हती. आमच्याकडून कुठेही जायचं तर आधी छोट्या लाईनीच्या गाडीने गोंदियाला जावं लागतं, तिथे मोठी लाईन भेटते. नागपूर, दिल्ली करत आम्ही कालक्याला उतरलो, तर समोर पुन्हा छोटी गाडी. शिमल्याच्या लाईनीची रुंदी आमच्या बालाघाटच्या लाईनीएवढीच आहे. पार्टीतली मंडळी नाराज झाली. एवढा पैसा भरून, एवढ्या लांब येऊन, पुन्हा आपलीच छोटी गाडी? मला सगळ्या प्रवासात मिळून याबद्दल जेवढी बोलणी खावी लागली तेवढी थंडीबद्दल नाही. एकट्या कमलबाई खिडकीशी खूश होत्या. म्हणाल्या, छोट्या लाईनीशिवाय मोठी भेटतच नाही, आणि डोंगर चढायचा तर पुन्हा छोटीच लागते.

शिमल्यात पहिलं संकट भाताचं आलं. आम्ही घरून चिन्नोर तांदळाचं पोतं नेलं होतं. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण भात शिजत नाही, हे आमच्या आचाऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं. तीन वेळा भात खाणारी माणसं कचकच भात चावत बसली. भरवेलीच्या फोरमनच्या पत्नी सुशीलाबाई वासनिक, खणखणीत आवाजाची, हसरी बाई, त्यांनी पदर खोचला, पातेल्यावर दगड ठेवला आणि कशीबशी वेळ मारून नेली. पुढे सगळ्या प्रवासात त्या माझा उजवा हात झाल्या.

मालकांनी ठरवून दिलं होतं, दोन्ही दिवस शिमल्याजवळची कुफ्री. कुफ्री मोठी. घरी परतल्यावर लोक विचारतात, कुफ्री पाह्यली का? नारकंडा पाह्यलं का असं कुणी विचारत नाही. मोठ्या ठिकाणाचं हे खरं भांडवल, ते आधीच लोकांच्या तोंडात असतं. तिथे कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, घोडे असतात, फोटोवाले असतात, चहाच्या टपऱ्या असतात. लहान ठिकाणी यातलं काही नसतं. उतार असतो, झाडं असतात, आणि कुणी बघायला नसतं. विचारायला येणाऱ्याला मी हे शेवटचं कधी सांगत नाही, कारण बहुतेकांना कुणीतरी बघायलाच हवं असतं.

कुफ्रीला पोहोचलो तेव्हा उतारावर बर्फापेक्षा माणसं जास्त होती. दौलतरावांनी घोंगडी अंथरली, बहिणीला मधोमध बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. समोर लोक भाड्याच्या फळ्या बांधून चार पावलं जात आणि आडवे होत. प्रत्येक पडण्याला भोवतालची गर्दी टाळ्या पिटत होती. एक नवी नवरी साडीतच निघाली. ती अशी पडली, की तिला उठताही येईना आणि साडी सावरताही येईना. गर्दीतून शिट्ट्या आल्या. फोटोवाला धावला. तिचा नवराही हसत होता.

दौलतराव बहिणीला एवढंच म्हणाले, "पाह्यलं?"

कमलबाईंनी चहा तसाच ठेवला, उठल्या आणि बसमध्ये जाऊन बसल्या. मी काच वाजवली तर म्हणाल्या, "बघून झालं, वामनभाऊ." त्यांचा चेहरा मला बघवेना. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वर्गात मुलीने प्रश्न विचारावा आणि उत्तर येऊ नये, तशा बसल्या होत्या. बाकीची मंडळी घोड्यावर बसून आली, फोटो काढून आली, खूश होती. मी मात्र टपरी ते बस, बस ते टपरी अशा येरझारा घालत राहिलो. पार्टीतल्या सगळ्यांना हवं ते मिळालं होतं, फक्त जिला नेमकं काय हवं ते ठाऊक होतं तिला नाही.

संध्याकाळच्या चहाला मी जाहीर केलं, की उद्या ज्यांना शिमल्याच्या बाजारात फिरायचं त्यांनी फिरावं, बाकीच्यांसाठी बस नारकंड्याला जाईल. मालकांना विचारलेलं नव्हतं. बसवाला कुरकुरला, रस्त्यावर बर्फ आहे म्हणाला. एकाने विचारलं, तिथे काय आहे? मी म्हटलं, काही नाही. खरं तेच सांगितलं, आणि त्यामुळे बहुतेक मंडळी बाजारात गेली. सुशीलाबाई आणि त्यांचे यजमान आले. कमलबाई आल्या. बहीण चालली म्हणून दौलतराव आले.

नारकंड्याला विश्रामगृहाच्या मागे देवदारांच्या मधून एक उतार होता, आमच्या तलावाच्या पारीपेक्षा, म्हणजे बांधापेक्षा, जरा मोठा. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. विश्रामगृहाचा चौकीदार रोशनलाल, जाडजूड, सुस्त, तोंडात सतत काहीतरी चघळणारा, त्याच्याकडे कुठल्याशा साहेबांनी टाकून दिलेल्या फळ्यांच्या दोनतीन जोड्या होत्या. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की बाईंना शिकवायचं आहे, पण भावाला हा शब्द चालत नाही. फिसलना म्हणू नका. तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. मग दौलतरावांच्या समोरच कमलबाईंना म्हणाला, "बहनजी, मैं तो पहले रुकना सिखाता हूँ. बाकी काम तो बर्फ खुद कर लेती है."

कमलबाईंनी मान वर केली. दौलतराव काहीतरी बोलणार होते ते थांबले. थांबायला शिकण्यात आक्षेप घेण्यासारखं त्यांना काही सापडेना.

सुशीलाबाईंनी यजमानांची लोकरी पॅंट आणली होती, ती पुढे केली. दौलतरावांनी तोंड फिरवलं. कमलबाईंनी पॅंट घेतली नाही. झाडाआड जाऊन आल्या तेव्हा त्यांनी पातळाचा कासोटा घातला होता, धानाच्या रोवण्यात बाया चिखलात उतरताना घालतात तसा, घट्ट, गुडघ्याखाली. शाळेतल्या बाईंना मी असं पाहीन असं वाटलं नव्हतं. दौलतराव त्यांच्याकडे बघत राहिले. मिलच्या आधी या भावंडांनी बापाच्या धानाच्या बांध्यांमध्ये एकत्र रोवणी केली होती, हे मला नंतर कळलं.

रोशनलालने दाखवलं. फळ्यांची पुढची टोकं जवळ आणायची, टाचा बाहेर दाबायच्या, म्हणजे वेग मरतो. कमलबाई मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे आपल्या बंडीच्या धुऱ्यांसारखं. पुढे जुळलेलं, मागे फाकलेलं." बैलबंडी पाहिलेल्या माणसाला यापेक्षा सोपं करून सांगता येणार नाही. उताराच्या पायथ्याशी, जवळजवळ सपाटीवर, त्या तेच करत राहिल्या. पडल्या, उठल्या, पुन्हा केलं. शिट्टी वाजवायला कुणी नव्हतं. सुशीलाबाई तोवर पोत्यावर बसून एकदा वरून खाली येऊन गेल्या आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

मग कमलबाई वर गेल्या. अगदी टोकावर नाही, अर्ध्याच्या जरा वर. आणि तिथे त्यांचे पाय रुतले. खालून बघताना तो उतार काहीच वाटत नाही. वरून बघणाऱ्याला विचारा. त्या उभ्याच राहिल्या. ढग उतरायला लागले होते आणि बसवाल्याने भोंगा वाजवायला सुरुवात केली. रस्ता बंद झाला तर आम्ही तिथेच अडकणार होतो. रोशनलाल म्हणाला, जाऊ द्या, फळ्या सोडा आणि चालत या. कमलबाई वाकल्या आणि पट्टा सोडायला लागल्या. मला वाटलं, संपलं. ही बाई आता घरी जाणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्धाच धडा शिकवणार.

दौलतराव माझ्या शेजारी उभे होते. ते दोन पावलं पुढे गेले. कानटोपी काढून त्यांनी हातात घेतली.

"कमल, सोडू नोको," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण तिथे दुसरा आवाजच नव्हता. "आपल्या बोडीची पार समज. पावसात आपण पोत्यावर बसून खाली जात होतो ते."

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहानसं तळं. वर पट्ट्यावरचा हात थांबला.

"अवं, घसर ना," दौलतराव म्हणाले. "मी हाव ना खाली."

सुशीलाबाईंनी माझा दंड धरला. ज्या शब्दापायी माणूस तिकीट काढल्या दिवसापासून बहिणीशी धड बोलला नव्हता, तो त्याने स्वतः उच्चारला होता, आणि बहुधा आपण काय बोललो ते त्याला कळलंही नव्हतं. त्याने दोन्ही हात पसरले होते, लहान मुलाला झेलायला पसरतात तसे.

कमलबाई सरळ झाल्या आणि निघाल्या. त्या काही छान आल्या असं म्हणणार नाही. अर्ध्यावर डोलल्या, एक हात हवेत गेला, मला वाटलं पडल्या. मग फळ्यांची टोकं जुळताना दिसली, टाचा फाकल्या, बर्फाची भुकटी उडाली, आणि दौलतरावांच्या पसरलेल्या हातांच्या चार पावलं अलीकडे त्या उभ्या राहिल्या. त्यांना झेलावं लागलं नाही. दौलतरावांचे हात काही वेळ तसेच राहिले, मग त्यांनी कानटोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"असं थांबतात," कमलबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून ते कळलं नाही, बहुतेक वर्गाला. त्या रडत नव्हत्या. मी रडत होतो, आणि थंडीने डोळ्यात पाणी येतं असं मी सुशीलाबाईंना सांगितलं.

परत आल्यावर मालकांनी माझी हजेरी घेतली. कुफ्रीच्या पाटीपुढे अख्ख्या पार्टीचा फोटो नाही, तर पुढचा पर्चा कशावर छापायचा? पुढचा पर्चा निघालाच नाही. बर्फात भात शिजत नाही ही बातमी आमच्या आधी गावात पोहोचली होती. भाताच्या मुलुखात याहून वाईट जाहिरात नाही. कंपनी पुन्हा काशी-रामेश्वरावर आली आणि मी अस्वस्थ मनाने लोकांना गंगेत डुबक्या मारायला नेऊ लागलो.

वारासिवनीच्या त्याच पानठेल्यावर कुणीतरी दौलतरावांना विचारलंच, "काय जी, बहीण घसरली म्हणे?" मी तिथे होतो. दौलतरावांनी पान तोंडात टाकलं, चुना बोटाने पुसला आणि म्हणाले, "हौ. मीच म्हणलो, घसर." विचारणाऱ्याने आपल्या पानाचे पैसे टाकले आणि तो गेला. तो पर्चा नंतर तिथून कधी निघाला ते मला ठाऊक नाही.

पुढच्या थंडीच्या तोंडावर कमलबाई ऑफिसात आल्या. छत्री तशीच टकटकत होती. म्हणाल्या, "छोटी लाईन झाली, वामनभाऊ. आता मोठी." त्यांना गुलमर्ग हवं होतं. मी सांगितलं, आता आम्ही बर्फाला जात नाही. सांगताना मला माझीच लाज वाटली. मोठ्या ठिकाणी त्यांना बघायला गर्दी असेल हेही सांगितलं. "असू दे," त्या म्हणाल्या. मी गाड्यांच्या वेळा, कोटांची सोय, सगळं तोंडी सांगितलं. त्यांनी आणखी दोन शिक्षिकांना तयार केलं.

त्या दिवशी मीही गोंदियाला गेलो. निमित्त काहीतरी शोधलं होतं. छोटी गाडी उभी राहिली. समोर मोठ्या लाईनीचा फलाट. दौलतराव बहिणीची वळकटी खांद्यावर घेऊन चालत होते. त्यांनी ती डब्यात चढवली, बाकाखाली सरकवली आणि खाली उतरले. गाडी सुटायची वेळ झाली तरी ते चढेनात. मला वाटलं, विसरले. मी म्हटलं, दौलतराव, बसा, शिट्टी झाली.

"मी नाही चाललो," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. तीन बायका, एवढा लांबचा रस्ता, मोठं ठिकाण. गाडी हलली. खिडकीतून कमलबाईंनी हात हलवला. दौलतरावांनी हलवला नाही, ते फक्त गाडीबरोबर थोडं चालले आणि फलाट संपायच्या आत थांबले. मग माझ्याकडे वळून, कोंड्याचा भाव सांगावा तितक्या साध्या आवाजात म्हणाले, "मी कायले पाह्यजे, वामनभाऊ? तिले आता थांबता येते."

आम्ही दोघं परतीच्या छोट्या गाडीत समोरासमोर बसलो. बालाघाटपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला मात्र बसवत नव्हतं. मी दर स्टेशनला खाली उतरत होतो.